श्रीगजानन महाराज आणि बाळापूरची गाय

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांतून श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांपैकी पुष्कळांच्या घरी गोठा आहे. सकाळी गावाबाहेरील आखरावर गुरे जमतात, गायकी त्यांना रानात घेऊन जातो आणि दिवस कलताना खुरांची धूळ उडवीत कळप परत येतो. त्या वेळी दारात उभे राहून जो तो आपली जनावरे मोजून घेतो. एखादे कमी भरले की घरातील बोलणे थांबते. ते कळप सोडून चुकले असेल, शेजारगावच्या गुरांत मिसळले असेल, कुणाच्या धानात शिरून कोंडवाड्यात गेले असेल. गाय रानातच व्याली असल्यास वासराला झुडपात लपवून जवळपास चरत असेल. ताडोबाच्या भोवतालच्या गावांत यापुढची शंका सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. अंधार पडल्यावर एकट्याने रानात शिरू नये, हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून चार जण मिळून निघतात, जनावराच्या ओळखीच्या हाकेने त्याला पुकारतात, मध्येच थांबून गळ्यातील लाकडी घंटेचा कानोसा घेतात. सापडलेल्या गाईला दोराने ओढून आणण्यापेक्षा मिठाचा खडा दाखवून किंवा तिचे वासरू पुढे घालून आणणे सोपे असते. हे ज्ञान येथे कोणी पुस्तकातून मिळविलेले नाही.

शेगावनिवासी संत श्रीगजानन महाराज यांच्या चरित्रात अशाच एका हाताबाहेर गेलेल्या गाईची कथा आहे. संतकवी दासगणू महाराजांनी सन १९३९ मध्ये रचलेल्या एकवीस अध्यायांच्या श्रीगजानन विजय या ओवीबद्ध ग्रंथात ती विस्ताराने आली असून पारायण करणाऱ्या भाविकांना ती मुखोद्गत असते. ती चमत्काराची कथा म्हणून सांगितली जाते व तशीच ती ऐकली जाते. परंतु ज्याने आयुष्यात एकदा तरी सुटलेले जनावर शोधून घरी आणले आहे, त्याला त्या कथेतील कित्येक गोष्टी चमत्काराच्या अगोदरच ओळखीच्या वाटतील. म्हणून प्रस्तुत लेखात श्रींचे चरित्र त्या गाईच्या निमित्ताने सांगण्याचे योजिले आहे.

श्रींचा जन्म कोठे झाला, त्यांचे माता-पिता कोण, त्यांचे मूळ नाव काय, याची माहिती चरित्रकारांना मिळाली नाही. ज्ञात चरित्राचा आरंभ होतो तो माघ वद्य सप्तमी, दिनांक २३ फेब्रुवारी १८७८ या दिवशी, शेगावातच. देविदास पातुरकर यांच्या घरी त्या दिवशी भोजनाचा समारंभ होता. उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकलेल्या होत्या आणि त्या पत्रावळींवरील शिते वेचून खाणारा एक तरुण दिगंबर पुरुष बंकटलाल अग्रवाल व दामोदरपंत कुलकर्णी या दोघांच्या दृष्टीस पडला. वेड्याची लक्षणे त्यांना दिसेनात. त्यांनी घरातून अन्नाने भरलेले पान आणविले. त्या पुरुषाने सर्व पदार्थ एकत्र कालवून ते सेवन केले. दामोदरपंत पाणी आणण्यास वळले, तोवर जवळच गुरांसाठी भरून ठेवलेल्या हाळावर जाऊन त्यांनी पाणी पिऊन घेतले होते. गाई-बैलांच्या पंक्तीला बसून पाणी प्यालेल्या या पुरुषाच्या प्रथम दर्शनातील हा तपशील अनेक संक्षिप्त चरित्रांत गाळला जातो. तो गाळू नये असे वाटते.

त्यानंतर ते दिसेनासे झाले. बंकटलालांना अन्न गोड लागेना. पुढे गोविंदबुवा टाकळीकर या प्रसिद्ध हरिदासांचे कीर्तन गावातील जुन्या शिवमंदिरात होते, तेव्हा ते तेथे पुन्हा दृष्टीस पडले आणि बंकटलालांनी त्यांना मोठ्या आग्रहाने आपल्या घरी नेले. श्रींना शोधून घरी आणण्याची ही पहिली वेळ. ती शेवटची ठरणार नव्हती, हे मात्र त्या दिवशी बंकटलालांना कळले नसावे.

बंकटलालांचे घर संपन्न होते. तेथे श्रींना कशाचीही उणीव नव्हती. दर्शनासाठी रीघ लागली, पूजा-नैवेद्यांची गर्दी झाली. असे असता एके दिवशी कोणासही न सांगता ते निघून गेले.

ते गेले पिंपळगावच्या शिवारात. तेथे गावाबाहेर रानात शंकराचे एक जुने हेमाडपंती मंदिर होते. त्याच्या गाभाऱ्यात ते पद्मासन घालून ध्यानस्थ बसले. दिवस मावळतीकडे झुकला तेव्हा गावचे गुराखी गुरांना ओढ्यावर पाणी पाजून परतीच्या वाटेला लागले होते. त्यांतील काही मुले नित्याप्रमाणे शिवदर्शनास मंदिरात शिरली व गाभाऱ्यात बसलेली मूर्ती पाहून चकित झाली. हाक मारली तर उत्तर नाही, हलवून पाहिले तर हालचाल नाही. कोणी म्हणाले हे भूत असावे, कोणी म्हणाले भूत शिवमंदिरात कसे येईल. अखेरीस त्यांनी त्यांना साधू मानले. पाय धुण्यास पाणी आणले, रानातील फुलांची माळ गळ्यात घातली, स्वतःच्या शिदोरीतील कांदा-भाकर नैवेद्य म्हणून पुढे ठेविली आणि समोर बसून भजन केले. बंकटलालांच्या घरच्या षोडशोपचार पूजेनंतर श्रींच्या वाट्यास आलेली ही दुसरी पूजा. ती करणाऱ्यांपैकी एकासही पूजेचा विधी ठाऊक नव्हता.

भजनात वेळ कसा गेला ते मुलांना समजले नाही. त्यांच्यातील एकाने भान आणून दिले. अंधार पडू लागला होता, गावात लोक काळजी करीत असतील, आणि गोठ्यात बांधलेली वासरे आपल्या मातांसाठी हंबरत असतील. ग्रंथकारांनी हा उल्लेख जाणून केला असावा. गुराख्याची सर्व भक्ती येथे येऊन थांबते. देव भेटला तरी कळप वेळेवर घरी पोहोचविणे त्याला चुकत नाही. श्रींना तेथेच सोडून मुले गुरे घेऊन घरी गेली व त्यांनी घरोघरी ही वार्ता सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावकरी मंदिरात आले, तो श्री जसेच्या तसे बसलेले आणि भाकर जशीच्या तशी पुढे. गावकऱ्यांनी पालखीतून वाजत-गाजत त्यांना गावात नेले.

इकडे शेगावात बंकटलालांचा शोध चालूच होता. पिंपळगावचे लोक शेगावच्या बाजारात आले, त्यांच्या बोलण्यातून त्यांना ठिकाण कळले आणि ते गाडी जोडून तेथे पोहोचले. हाती आलेला साधू पिंपळगावकर सहजासहजी सोडणार नव्हते. परंतु बंकटलाल हे त्यांतील पुष्कळांचे सावकार होते, आणि श्रींना आपण कायमचे नेत नसून केव्हाही दर्शनास यावे, असेही त्यांनी सांगितले. त्यामुळे विरोध निवळला. परतीच्या वाटेवर गाडीत श्रींनी विनोदाने बंकटलालांना त्यांच्याच घराविषयी छेडले, असे वर्णन आहे. ज्या घरात साक्षात लक्ष्मीला कुलूप लावून कोंडून ठेविले आहे त्या घरी जाण्यास आपले मन कचरते, असा त्या बोलण्याचा आशय होता. बंकटलालांनी नम्रतेने समजूत घातली, श्री काही दिवस राहिले आणि पुन्हा निघून गेले. या खेपेस ते अकोलीकडे गेले. तेथे भास्कर पाटील या शेतकऱ्याच्या शेतालगतच्या कोरड्या विहिरीस पाणी लागल्याचा प्रसंग घडला व भास्कर त्यांचा अनन्य भक्त झाला. तो प्रसंग सर्वश्रुत असल्याने येथे विस्तार करीत नाही.

आता गाईकडे येण्यापूर्वी एका घोड्याची हकिकत सांगणे अवश्य आहे, कारण त्या घोड्यावाचून गाय शेगावात आलीच नसती. पूर्वोक्त गोविंदबुवा टाकळीकर एकदा पुन्हा शेगावी कीर्तनास आले होते. त्यांचा घोडा अत्यंत द्वाड. जवळ येणाऱ्यास लाथा मारणे, चावणे, बांधलेले दोर तोडून रानात निघून जाणे, रात्रंदिवस खिंकाळणे, हे त्याचे नित्याचे होते. म्हणून त्यास लोखंडी साखळीने जखडून ठेवीत. त्या रात्री मंदिरासमोर बांधलेल्या घोड्याचा आवाज एकाएकी बंद झाला. गोविंदबुवांना उलटीच चिंता वाटली. द्वाड जनावराचा मालक आवाजाने जागा होत नाही, आवाज थांबल्याने होतो. ते उठून पाहतात तो घोडा शांत उभा आणि त्याच्या चारही पायांच्या मध्ये श्री निद्रिस्थ. त्या दिवसापासून घोड्याने खोडी केल्याचे कोणी पाहिले नाही. ही वार्ता बाळापूरपर्यंत पोहोचली.

बाळापूर हे अकोला जिल्ह्यातील मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेले जुने गाव. येथील किल्ला प्रसिद्ध आहे. शेगावहून ते फार दूर नाही. तेथे सुकलाल अग्रवाल नावाचे गृहस्थ राहत होते आणि त्यांच्या मालकीची एक गाय होती. गाय म्हणून जे चित्र आपल्या मनात उभे राहते, त्याच्याशी तिचे काहीच जुळत नव्हते. ती दिवसभर गावात मोकाट फिरे. पोरांना तुडवी, धडधाकट माणसांच्या अंगावर शिंगे रोखून धावे. दुकानात शिरून धान्याच्या टोपलीत तोंड घाली, हाकलू गेल्यास तेला-तुपाची भांडी लवंडून देई. घरी बांधले तर दावे तोडी, आणि साखळदंडही तिच्यापुढे टिकत नसे. बाळापूरचे लोक तिला वाघीण समजून वाट सोडून चालत.

येथे क्षणभर सुकलालांच्या जागी स्वतःस ठेवून पाहावे. गाय त्यांची, आणि ती करील ते नुकसान त्यांच्या माथी. ब्रिटिश अमलात सन १८७१ मध्ये झालेल्या कायद्याने परक्याच्या शेतात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालण्याची आणि दंड व चाऱ्याचा खर्च भरून मालकाने ते सोडवून नेण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. आपल्या भागात कोंडवाडा हा शब्द त्यामुळेच लहान पोरासही माहीत असतो. परंतु कोंडवाडा झाला तरी तो त्या जनावरासाठी, ज्याला तेथवर हाकीत नेता येते. या गाईला नेणार कोण, हाच प्रश्न होता. सुकलालांना गावकऱ्यांनी स्पष्ट सांगितले की, ही गाय खाटकास द्यावी किंवा गोळी घालून मारावी. गोवधाचे पाप एका बाजूला आणि उद्या एखादे मूल तिच्या शिंगांवर गेले तर त्याचे पाप दुसऱ्या बाजूला, अशा पेचात तो गृहस्थ सापडला. आपल्या हातून तर ते होत नव्हते. ज्याला साधेल त्याने तिला मारावे, अशी मोकळीक त्यांनी देऊन टाकली. एका बंदूकधारी पठाणाने ते काम अंगावर घेतले व तो दबा धरून बसला. गाईला त्याची चाहूल लागली आणि तिने त्यालाच शिंगांनी उडवून लावले.

मग सुकलालांनी तिला दूरच्या गावी नेऊन सोडून दिले. काही उपयोग झाला नाही. ती परत आली. गुरांच्या स्वभावाची ज्यांना माहिती आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. बाजारातून विकत आणलेला बैल नव्या मालकाचा दोर तोडून काही कोस चालत जुन्या गोठ्यात येऊन उभा राहतो, हे आपण पाहिलेले असते. जे जनावर घरात राहण्यास तयार नव्हते, तेच घर सोडण्यासही तयार नव्हते. त्या गाईची सर्व द्वाडकी एकीकडे ठेवली तर तिच्याविषयी कणव उत्पन्न करणारी हीच एक गोष्ट ग्रंथात आली आहे, आणि ती तिच्या दुर्गुणांच्या यादीत मोडली गेली आहे.

अशा स्थितीत कोणी सुचविले की, गोविंदबुवांचा घोडा जेथे शांत झाला तेथे ही गाय न्यावी. ती श्रींना अर्पण केली तर साधूस गोदान केल्याचे पुण्य मिळेल आणि गावाची पीडाही टळेल. सल्ला सर्वांना पटला. राहिला प्रश्न तिला धरण्याचा. पाठलाग करून ती सापडत नाही, याचा अनुभव गावाने घेतलाच होता. तेव्हा हिरवी हरळी व सरकी पुढे ठेवून तिला मोहात पाडले, वाटेत फास मांडले आणि दहा-वीस माणसांनी मिळून तिला जेरबंद केले. वऱ्हाड हा कपाशीचा मुलूख, म्हणून तेथे आमिष सरकीचे. आपल्या धानाच्या प्रदेशात हेच काम धानाच्या कोंड्याने झाले असते. पकडलेल्या गाईला लोखंडी साखळदंडांनी आवळून गाडीवर घातले आणि गाडी शेगावच्या वाटेला लागली.

जसजसे शेगाव जवळ येऊ लागले तसतशी गाईची वृत्ती पालटू लागली, असे दासगणू महाराज सांगतात. मठापुढे गाडी उभी राहिली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. श्री बाहेर आले. त्यांनी गाईकडे पाहिले आणि प्रथम रागावले ते आणणाऱ्यांवर. चार पाय, मान, शिंगे सर्व साखळ्यांनी करकचून बांधलेल्या त्या मुक्या जीवाची अवस्था त्यांना पाहवेना. वाघिणीसही असे जखडू नये, मग ही तर गाय, असा त्यांचा बोल होता. साखळ्या सोडण्याची त्यांनी आज्ञा केली. एकही जण पुढे होईना. ज्यांनी तिची शिंगे पाहिली होती त्यांचे पाय जागचे हलले नाहीत, आणि याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. तेव्हा श्रींनी स्वतः पुढे होऊन एकेक बंधन सोडविले.

मोकळी होताच गाय गाडीवरून खाली उतरली. तिने पुढचे पाय टेकून मान खाली घातली, श्रींना तीन प्रदक्षिणा घातल्या आणि त्यांचे चरण जिभेने चाटू लागली. जमलेल्या लोकांनी जयजयकार केला. श्रींनी तिला सांगितले की, येथून पुढे कोणास त्रास देऊ नये आणि हा मठ सोडून कोठे जाऊ नये. सुकलाल मोकळ्या मनाने बाळापूरला परतले. गाय मठात राहिली. त्यानंतर तिला दावे लावण्याची गरज पडली नाही. ती कोणाच्या शेतात शिरली नाही, कोणावर धावली नाही, आणि बाळापूरलाही परत गेली नाही. तिचा वंश पुढे शेगावात नांदला, अशी परंपरा आहे.

या कथेचे वाचन करताना भाविकांचे लक्ष स्वाभाविकपणे गाईच्या प्रदक्षिणेकडे जाते. गोपालकाचे लक्ष मात्र साखळ्यांच्या प्रसंगाकडे जावे. जनावर जितके आवळावे तितके ते बिथरते. भ्यालेली गाय आणि मारकी गाय यांत बाहेरून फरक दिसत नाही. आपल्या गावांतील वृद्ध गायकी गळ्यात लोढणे अडकविलेल्या जनावराजवळ जाताना कधी घाई करीत नाहीत. ते समोरून न जाता बाजूने जातात, बोलत बोलत जातात आणि प्रथम पाठीवर हात ठेवतात. श्रींच्या ठायी असलेला अधिकार वेगळा, हे खरेच. परंतु हातात काठी न घेता, कोणाचे साहाय्य न मागता, त्या गाईच्या शिंगांच्या आवाक्यात जाऊन तिच्या साखळ्या सोडण्यास जी निर्भयता लागते ती त्यांनी प्रथम दाखविली आणि गाईचे वंदन त्यानंतरचे आहे. क्रम असा आहे, एवढे लक्षात घ्यावे.

मठातील गाय कोठे जात नव्हती. मठाचे स्वामी मात्र एका जागी राहणारे नव्हते. अकोट, अकोला, अमरावती, पंढरपूर, नर्मदातीरी ओंकारेश्वर असा त्यांचा संचार चालू असे. नागपूरचा प्रसंग त्यात विशेष आहे. सिताबर्डीतील धनाढ्य गृहस्थ गोपाळ बुटी यांनी श्रींना आपल्या घरी नेले व त्यांनी तेथेच कायमचे राहावे असा बेत केला. भव्य वाडा, पक्वान्ने, ब्राह्मणभोजने, भजन-पूजन, सर्व काही होते. शेगावची माणसे भेटीस आली तर द्वारपाल त्यांना आत सोडीनात. शेगाव ओस पडल्यासारखे झाले. श्रींनी बुटींना शेगावी परत पोहोचविण्याविषयी सांगून पाहिले, पण ते मनावर घेईनात. अखेरीस गावकऱ्यांनी हरी पाटलांना गळ घातली. हे शेगावच्या पाटील घराण्यातील बलदंड पुरुष. प्रारंभी हे घराणे श्रींची चेष्टा करणारे होते व पुढे त्यांचे परमभक्त झाले. हरी पाटील काही मंडळींना घेऊन आगगाडीने नागपुरास गेले आणि द्वारपालांना न जुमानता वाड्यात शिरले. त्यांना पाहताच श्री आसनावरून उठून, गाय वासरासाठी धाव घेते तसे, त्यांच्याकडे आले. बुटींनी विनंती केली की, निदान सर्वांनी भोजन करून जावे. तेवढे मान्य झाले. बुटींच्या पत्नी जानकीबाई यांना आशीर्वाद देऊन श्री निघाले व रामटेकास रामदर्शन घेऊन शेगावी परतले.

बुटींच्या भक्तीत काही उणे होते असे नाही. एवढेच की, त्यांनी दाराला पहारा बसविला होता.

श्रींच्या काळी वऱ्हाड प्रांत सन १८५३ च्या तहान्वये ब्रिटिशांच्या कारभाराखाली होता व सन १९०३ मध्ये तो मध्य प्रांताच्या कारभारास जोडला गेला. आपला चांदा जिल्हा मध्य प्रांतातच होता. आजचा गडचिरोली जिल्हा त्याचाच भाग असून दिनांक २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो वेगळा झाला. अशा रीतीने श्रींच्या अवतारकार्याच्या अखेरच्या वर्षांत शेगाव आणि चांदा एकाच प्रांताच्या अमलाखाली आले होते. चंद्रपूरच्या भाविकांस वर्धा, अकोला या लोहमार्गाने शेगाव स्थानकावर उतरता येते. गडचिरोलीच्या भाविकांस वडसा (देसाईगंज) येथे गाडी धरता येते. पायी निघणाऱ्यांस अर्थातच यापैकी कशाची गरज भासत नाही.

सन १९०८ मध्ये अकोल्यात शिवजयंतीचा उत्सव झाला, तेव्हा लोकमान्य टिळकांच्या सभेस श्री उपस्थित होते. त्याच वर्षी टिळकांना अटक झाल्यावर श्रींनी प्रसाद म्हणून भाकर पाठविली, हा प्रसंग परिचित आहे. मठाच्या व्यवस्थेसाठी विश्वस्त संस्थेची स्थापनाही सन १९०८ मधलीच. श्रींनी आपल्या समाधीचे स्थान अगोदरच दाखवून ठेविले होते. हरी पाटलांना बरोबर घेऊन ते पंढरपुरी विठ्ठलदर्शनास गेले, तेथे त्यांनी देहत्यागाची अनुमती मागितली व परत शेगावी आले. यानंतर मात्र ते कोठे निघून गेले नाहीत आणि कोणालाही त्यांना शोधण्यास गाडी जोडावी लागली नाही.

भाद्रपद शुद्ध पंचमी, गुरुवार, दिनांक ८ सप्टेंबर १९१० रोजी श्री समाधिस्थ झाले. ही तिथी ऋषिपंचमीची. विदर्भात पोळ्याचा सण त्याच्या अगोदरच्या अमावास्येस येतो. बैलांचे खांदे शेकून, शिंगे रंगवून, झूल घालून त्यांना तोरणाखाली उभे केलेले असते, घरोघरी पुरणपोळीचा घास भरविलेला असतो, आणि त्यानंतर पाच दिवसांनी श्रींचा पुण्यतिथी उत्सव असतो. धानाची रोवणी तोवर आटोपलेली असल्याने आपल्या भागातील शेतकऱ्यास या दिवसांत दर्शनास जाणे जमते. माघातील प्रकटदिन रानात मोहफुले पडण्याच्या सुमारास येतो व त्या वेळी गुरे मोकळी सुटलेली असतात. उत्सवास घरातील सर्वांनीच निघायचे असल्यास गोठ्याची सोय अगोदर करावी. दुभती गाय आणि लहान वासरू शेजारच्या ज्या घरी सोपवायचे, तेथील माणसांचा आवाज व हात त्यांच्या सवयीचा व्हावा म्हणून दोन-तीन दिवस आधीपासूनच त्या घरच्या व्यक्तीकडून वैरण-पाणी घालून घ्यावे. गायक्यास सांगून ठेवावे. अनोळखी हाताने सोडलेली गाय संध्याकाळी आपल्याच बंद दारापुढे येऊन उभी राहते आणि दार उघडले नाही तर पुन्हा रानाची वाट धरते.

पुण्यतिथीच्या दिवशी ऋषिपंचमीचे व्रत करणाऱ्या स्त्रिया बैलाच्या कष्टाने पिकलेले धान्य खात नाहीत. परसात हाताने लावलेल्या भाज्या आणि आपोआप उगवलेला भगर किंवा देवभात एवढ्यावरच त्यांचा तो दिवस जातो.